‘लाइक’ : सारखी आणि सारखीच



रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात मुले आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारतात : “फादर, ‘लाइक’ म्हणजे आवडणे की सारखे असणे?” प्रश्न लहान आहे आणि उत्तरही अवघड नाही. परंतु याच शब्दाच्या बाबतीत आमच्या हातून एकदा चूक झाली होती, आणि ती व्याकरणाची नव्हती. म्हणून हा पाठ वर्गापुरता न ठेवता पत्रिकेतून सर्व कुटुंबांपुढे मांडत आहोत.

लाल शाईची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथेही असाच वर्ग चाले. बारावीची एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी तयारी करत होती. ‘माझे कुटुंब’ या विषयावर दहा वाक्ये लिहून आणायला आम्ही सांगितले होते. तिचे पहिलेच वाक्य होते : ‘आय लाइक माय मदर.’ आदल्या रविवारी आम्ही ‘सारखे असणे’ या अर्थाचा ‘लाइक’ शिकवला होता, आणि त्यातला ‘ॲम’ मुले हमखास विसरतात. आम्ही फारसा विचार न करता लाल शाईने मध्ये ‘ॲम’ घातला : ‘आय ॲम लाइक माय मदर.’

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

“फादर, हे वाक्य तुम्ही का बदललं?”

“तुला ‘मी आईसारखी आहे’ असं लिहायचं होतं ना?”

“नाही फादर. मला आई आवडते, एवढंच लिहायचं होतं. ‘आईसारखीच आहेस’ असं सगळेच म्हणतात. निदान माझ्या वहीत तरी ते नको होतं.”

तिच्या आईला बरीच वर्षे मनाचा आजार होता. औषधे नियमित चालू असली की ती चांगली असे. मध्येच कधी आजार उलटे. ही मुलगी कधी गप्प बसली, कधी रागावली, कधी रात्री उशिरापर्यंत जागी राहिली, की शेजारीपाजारी म्हणत, “आईसारखीच गं!” थोरल्या बहिणीचे एक जमत आलेले स्थळ त्याच शब्दावरून परत गेले होते. हे सारे आम्हांला ठाऊक होते. तरीही लाल पेन हातात घेऊन, जे गाव म्हणत होते तेच आम्ही तिच्या वहीत लिहून दिले.

तिच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील गाळून, हे इथे सांगत आहोत. आता पाठाकडे वळू.

१. एक शब्द, दोन कामे

‘आय लाइक माय मदर’ या वाक्यात ‘लाइक’ हे क्रियापद आहे. अर्थ : मला आई आवडते. ‘आय ॲम लाइक माय मदर’ या वाक्यात क्रियापद ‘ॲम’ आहे आणि ‘लाइक’ आपल्या ‘सारखा’ या शब्दयोगी अव्ययाचे काम करतो. अर्थ : मी आईसारखी आहे. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. म्हणून ‘ॲम’ दिसला नाही की तो राहिला असेल, असे शिक्षकाने गृहीत धरू नये. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते आधी विचारावे.

प्रश्न विचारताना तर आणखी गोंधळ होतो. पुढील चार प्रश्न नीट वेगळे करून पाहा.

‘व्हॉट डझ शी लाइक?’ म्हणजे तिला काय आवडते?

‘व्हॉट डझ शी लुक लाइक?’ म्हणजे ती दिसायला कशी आहे?

‘व्हॉट इज शी लाइक?’ म्हणजे ती स्वभावाने, माणूस म्हणून कशी आहे?

‘हाऊ इज शी?’ म्हणजे तिची तब्येत कशी आहे?

आपल्याकडे स्थळ पाहताना दुसरा प्रश्न सर्वांत आधी विचारतात, चौथा हळू आवाजात विचारतात, तिसरा शेजाऱ्यांना विचारतात, आणि पहिला पुष्कळदा विचारायचाच राहून जातो.

२. शब्द कुठून आला?

जुन्या इंग्रजीत ‘लीक’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ शरीर, देह, आकार. त्यावरून ‘गेलीक’, म्हणजे ज्याचा आकार दुसऱ्याशी जुळतो तो. याच ‘गेलीक’चा पुढे ‘लाइक’ झाला. इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेले एक दार असते, त्याला ‘लिच-गेट’ म्हणतात. शवपेटी तिथे टेकवून लोक धर्मगुरूंची वाट पाहत. त्या ‘लिच’मध्ये तोच जुना देहवाचक शब्द टिकून आहे. इंग्रजीतील ‘फ्रेंडली’, ‘मदरली’ या शब्दांच्या शेवटी येणारा ‘ली’ हाही त्याचाच वंशज. मित्रासारखा तो ‘फ्रेंडली’, आईसारखी माया ती ‘मदरली’.

‘आवडणे’ या अर्थाचे क्रियापदही याच मुळाशी जोडले जाते. जे आपल्याशी जुळते ते रुचते, असा तो प्रवास असावा. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत ‘मी आवडतो’ अशी रचना नव्हती. ‘मला ते रुचते’ अशी होती. म्हणजे आपल्या मराठीसारखीच! शेक्सपिअरच्या काळातही ती धाटणी ऐकू येत असे. पुढे इंग्रजीत आवडणारा माणूस कर्त्याच्या जागी जाऊन बसला. मराठीत मात्र ‘मला आई आवडते’ या वाक्याची कर्ती अजूनही आईच आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आपला ‘सारखा’ हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’पासून प्राकृतातून आला. त्यात ‘दृश्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. सारखा म्हणजे मुळात पाहताना तसा वाटणारा. इंग्रजीने सारखेपणा देहावरून घेतला, आपण डोळ्यांवरून. आणि डोळे फसतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

३. ‘म्हणून’ आणि ‘सारखे’

मुलांची सर्वांत जास्त गल्लत होते ती ‘ॲज’ आणि ‘लाइक’ यांच्यात. त्यासाठी आम्ही एक सोपी खूण सांगतो. मराठीत ‘म्हणून’ येत असेल तर ‘ॲज’. ‘सारखे’ येत असेल तर ‘लाइक’.

‘शी वर्क्स ॲज अ नर्स’ म्हणजे ती नर्स म्हणून काम करते. ती नर्सच आहे. तिला पगार मिळतो, तिच्याकडे प्रमाणपत्र आहे. ‘शी वर्क्स लाइक अ नर्स’ म्हणजे ती नर्ससारखी राबते. ती नर्स नाही. कदाचित घरातील सून असेल, कदाचित बारावीत शिकणारी मुलगी असेल, जी आईला वेळेवर गोळ्या देते आणि मग अभ्यासाला बसते.

‘ॲज’मध्ये ती व्यक्ती ते असते. ‘लाइक’मध्ये ती व्यक्ती ते नसते, फक्त काही बाबतीत जुळते. म्हणजेच ‘लाइक’ म्हणताच ‘पण तेच नव्हे’ हेही न बोलता आपण म्हणत असतो. आजच्या पाठातील ही मुख्य गोष्ट आहे.

परीक्षेसाठी आणखी एक नियम. ‘लाइक’नंतर नाम किंवा सर्वनाम येते : ‘लाइक मी’, ‘लाइक माय ब्रदर’. पुढे पूर्ण वाक्य येत असेल तर ‘ॲज’ वापरावा : ‘ॲज आय सेड’, म्हणजे मी म्हटल्याप्रमाणे. बोलताना इंग्रज आणि अमेरिकन लोक इथेही सर्रास ‘लाइक’ म्हणतात. १९५४ मध्ये अमेरिकेत एका सिगारेटच्या जाहिरातीत असा ‘लाइक’ आला, तेव्हा व्याकरणाच्या कैवाऱ्यांनी बराच गदारोळ केला होता. सिगारेटपेक्षा त्यांना शब्दाचाच जास्त त्रास झाला! आज बोलण्यात तो खपून जातो. उत्तरपत्रिकेत मात्र ‘ॲज’च लिहा.

४. काही लहानसहान खुणा

‘लुक’नंतर विशेषण आले तर ‘लाइक’ लागत नाही. ‘ही लुक्स टायर्ड’ : तो दमलेला दिसतो. नाम आले तरच ‘लाइक’ लागतो. ‘ही लुक्स लाइक हिज फादर’ : तो वडिलांसारखा दिसतो.

‘अलाइक’ हा शब्द नामाच्या आधी येत नाही, मागाहून येतो. ‘द टू सिस्टर्स आर अलाइक’ : दोघी बहिणी सारख्या आहेत.

‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ या दोन्ही शब्दांत मूल आहे, पण पहिला कौतुकाचा आहे आणि दुसरा दोष दाखवणारा. बालकासारखे व्हा, असे प्रभू येशूने सांगितले ते पहिल्या अर्थाने. धर्मग्रामाच्या सभांमध्ये आपण कधी कधी दुसऱ्या अर्थाने घेतो.

‘लाइकली’ म्हणजे संभवनीय, घडण्याची शक्यता असलेले. हा शब्द त्या मुलीच्या बाबतीत महत्त्वाचा ठरला. आईवडिलांपैकी एकाला मनाचा गंभीर आजार असेल, तर मुलांना तसा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा काहीशी वाढते हे खरे. परंतु अशा बहुसंख्य मुलांना तो होत नाही. शक्यता वाढणे वेगळे आणि निकाल लागणे वेगळे. गावाने ‘लाइकली’चा निकाल करून टाकला होता.

५. एका अक्षराचा फरक

आता आपल्या मायबोलीकडे या. मराठीत ‘सारखे’ हा शब्द फार कामे करतो. ‘पदर सारखा कर’ म्हणजे नीट कर. ‘सारखा रडतो’ म्हणजे सतत रडतो. ‘दोघींच्या साड्या सारख्या आहेत’ म्हणजे मिळत्याजुळत्या की अगदी एकच? ते सांगता येत नाही. इंग्रजीत त्यासाठी ‘सिमिलर’ आणि ‘सेम’ असे वेगळे शब्द आहेत. आपण ते काम एका ‘च’वर भागवतो. ‘आईसारखी’ म्हटले की थोडी मोकळी जागा राहते. ‘आईसारखीच’ म्हटले की दार बंद होते.

एका अक्षराने एवढे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. ख्रिस्तसभेच्या इतिहासात याचे उत्तर आहे. इ.स. ३२५ मध्ये नायसीया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक येथे, महागुरूंची धर्मपरिषद भरली. २०२५ मध्ये तिला १७०० वर्षे पूर्ण झाली. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असे त्या परिषदेने ठरवले. त्यासाठी ग्रीक शब्द होता ‘होमोऊसियोस’. पुढील काही दशकांत अनेकांना वाटले, की ‘होमोइऊसियोस’, म्हणजे ‘सारख्या तत्त्वाचा’, असे म्हटले तर सर्वांचे जमेल. ग्रीक लिपीत या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक आहे, आणि ते अक्षर ‘आयोटा’ ग्रीक लिपीतील सर्वांत छोटे. पण सारखा असणे म्हणजे तोच असणे नव्हे, हे ओळखून ख्रिस्तसभेने ते अक्षर स्वीकारले नाही. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तीच श्रद्धा पुन्हा कायम केली.

तिथे ‘तोच’ असताना ‘सारखा’ म्हणणे चूक होते. आपण घराघरांत उलट चूक करतो : नुसते ‘सारखी’ असताना ‘सारखीच’ म्हणतो. पूर्वजांनी एका अक्षरासाठी एवढा काळ वाद घातला असेल, तर आपणही आपल्या ‘च’कडे थोडे लक्ष द्यायला हरकत नाही.

६. सारखेपणात वेगळेपण

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. चित्र माणसासारखे आहे असे आपण म्हणतो. माणूस चित्रासारखा आहे असे म्हणत नाही. मूळ एका बाजूला, त्याची छाया दुसऱ्या बाजूला. या अर्थाने माणूस देवासारखा आहे असे म्हणता येते, देव माणसासारखा आहे असे नाही. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने हीच बाजू आणखी स्पष्ट केली होती. निर्माता आणि त्याची निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्याहून मोठे वेगळेपण मान्य करावेच लागते.

प्रभूचे दाखलेही असेच आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गराज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा आहे, खमिराची आहे, शेतात लपवलेल्या ठेवीची आहे, मोत्याची आहे, जाळ्याची आहे. एकच उपमा का पुरली नाही? कारण प्रत्येक ‘सारखे’ थोडेसे सांगते आणि पुष्कळसे सोडून देते.

विसाव्या शतकातील तत्त्ववेत्ता लुडविग विटगेनस्टाइन याने तर कुटुंबाचाच दाखला घेतला आहे. त्याच्या निधनानंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो ‘खेळ’ या शब्दाचा विचार करतो. सगळ्या खेळांत समान असा एकही गुण सापडत नाही. एकाचे दुसऱ्याशी काही जुळते, दुसऱ्याचे तिसऱ्याशी वेगळेच काही जुळते. याला तो ‘कौटुंबिक साम्य’ म्हणतो. आपला घरचा फोटो काढून पाहा. थोरल्याचे नाक वडिलांचे, मधलीची चाल आजीची, धाकट्याचा आवाज मामाचा. सगळे एकाच घरचे आहेत हे पाहताच कळते. तरी सगळ्यांत मिळून एकच गुण शोधू गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि कुणीही दुसऱ्या कुणाची नक्कल नाही.

त्या मुलीकडे आईचे डोळे होते. आईसारखा गोड गळाही होता; गायकवृंदात ती गात असे. हे आम्हीही पाहिले होते. पण ‘आईसारखी’ म्हणताना गळ्याची आठवण कुणालाच झाली नाही. सारखेपणात आपण काय निवडतो, हेही आपणच ठरवत असतो.

शेवटचे वाक्य

पुढच्या रविवारी तिने निबंध पुन्हा लिहून आणला. आमचा लाल ‘ॲम’ तिने खोडला नव्हता. त्याच्या खाली तिने तीन वाक्ये लिहिली होती. मराठीत त्यांचा अर्थ असा : मला आई आवडते. काही बाबतीत मी तिच्यासारखी आहे. मी ती नाही. आम्ही त्यावर कुठलीही खूण केली नाही. फक्त पहिल्या चुकीबद्दल तिची क्षमा मागितली.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. बाप दारू पितो म्हणून मुलगा ‘बापासारखाच’. भाऊ हुशार म्हणून बहिणीला रोज ‘भावासारखी हो’. आत्याचे लग्न मोडले म्हणून भाचीही ‘आत्यासारखीच’. आपण हे सहज बोलून जातो, आणि मुले ते वर्षानुवर्षे वाहतात. या आठवड्यात आम्ही एवढेच सुचवतो : ‘सारखी’ म्हणायचे असेल तर कशात सारखी, ते सांगा, आणि ‘च’ लावण्यापूर्वी क्षणभर थांबा. ज्या घरात मनाचा आजार आहे, तिथे भेटायला जा, औषधांची चौकशी करा, डॉक्टरांकडे नेण्यासाठी सोबत लागत असेल तर द्या. मुलांची तुलना मात्र करू नका.

सरावासाठी

पुढील वाक्ये इंग्रजीत करा आणि ‘लाइक’ कुठे येतो, कुठे येत नाही ते पाहा.

(१) बाबा ड्रायव्हर म्हणून काम करतात. (२) ताई आमच्याकडे आईसारखे पाहते. (३) आजी आज आनंदी दिसते. (४) तुमच्या नव्या बाई कशा आहेत? (५) मला माझे गाव आवडते.

उत्तरे : पहिल्यात ‘ॲज’, दुसऱ्यात ‘लाइक’, तिसऱ्यात नुसते ‘लुक्स हॅपी’, चौथ्यात ‘व्हॉट इज’ने सुरुवात आणि शेवटी ‘लाइक’, पाचव्यात ‘लाइक’ हेच क्रियापद.

वर्ग नेहमीप्रमाणे रविवारी मिस्सेनंतर सभागृहात भरेल. मुलांनी वही आणावी. पालक मागे बसले तरी चालेल.

आपले धर्मगुरू